‘रुसवा’ : अक्काच्या शिव्या

दत्ता, तू गेल्यापासून मी सहा गेम खेळले आणि सहाच्या सहा भिकार निघाले. सातवा तुझा आहे. त्याच्याविषयी मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले, ते आज निस्तरायचंय. पण आधी हे सहा उरकू दे, सवय अशी एकदम तुटत नाही. दर रविवारी सकाळी दहाला तू नांदेडहून फोन करायचास, मी इकडे लातुरात मेथी निवडत त्या महिन्याच्या गेमला शिव्या घालायचे, आणि मधेच तू म्हणायचास, "थांब अक्का, लिहून घेतो." मग मी थांबायचे. फोनात तुझ्या पेनाची खरखर ऐकू यायची. मला वाटायचं, थट्टा करतोस. पंधरा रविवार झाले, मला कुणी थांब म्हटलेलं नाही.

लोकांना हे पटत नाही, तेही सांगून ठेवते. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, मुलींच्या शाळेत गणित शिकवते, चुलतभाऊ जाऊन महिना झाला नाही अन् ही टीव्हीपुढं बसून बंदुका उडवून राहिली. माझी जाऊ तोंडावर म्हणाली, "ताई, शेजारपाजारचे काय म्हणतील?" मी म्हणाले, "रडायचं काम डोळ्यांचं हाय. हात रिकामेच हायत." चुलतभाऊ हा शब्दसुद्धा लोकांचाच. चाकूरच्या घरात आपण दोघं एका ताटात जेवलो, तेव्हा चुलत आणि सख्खं कुणी वेगळं वाढलं नव्हतं.

तर पहिला लढाईचा. माझा रोहित नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा तो टीव्हीला जोडायचा काळा डबा मागं टाकून गेला, त्यावरच खेळले. डाउनलोड व्हायला दीड दिवस. उघडला तर म्हणतो, आधी दाढी निवडा. चौदा प्रकारच्या दाढ्या, दत्ता! देशावर हल्ला झालाय, इमारती कोसळून राहिल्यात आणि आमचा शूरवीर आरशापुढं उभा. मग बंदुकीला रंग, बुटाला रंग, पाठीवरच्या पिशवीला रंग. नाकापेक्षा मोती जड. एवढं नटूनथटून मैदानात उतरायचं आणि कुण्या आठवीतल्या कार्ट्यानं मागून गोळी घालून वर आपल्या आईचा उद्धार करायचा. यात नवीन काही नाही, हे सगळं मी तुला आधीही ऐकवलंय. नवीन एवढंच की गडी मेला की पडद्यावर दहापासून उलटे आकडे मोजतात आणि तो उठून पुन्हा पळायला लागतो. हजार वेळा पाहिलं असेल मी हे. या वेळी ते उलटे आकडे बघवले नाहीत. डबा बंद केला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

दुसरा मोबाईलवरचा, शेतीचा. टोमॅटो चार मिनिटांत पिकतो. रानडुकरं नाहीत, बांधावरून कुणी कुणाची कॉलर धरत नाही, लाइट जात नाही. ज्यानं बनवलाय त्यानं शेत फक्त खिडकीतून पाहिलंय आणि तेही गाडीच्या. वर दोन मिनिटं खेळलं की तीन मिनिटं जाहिरात. बरं, आपण खेळणं सोडलं तरी तो आपल्याला सोडत नाही. रोज सकाळी एक कोंबडी मला मेसेज पाठवते: "आम्हाला तुमची आठवण येते." कोंबडीला माझी आठवण येते! ज्याला यायला पाहिजे त्याचा फोन लागत नाही आणि ही सकाळी सातला फडफडते. तिला मी शेतासकट उडवून लावलं.

तिसऱ्याचं तर बोलूच नये. जगातल्या सगळ्या शहाण्यांनी डोक्यावर घेतलेला, शंभर तासांचा, महान. राज्य बुडत आलंय, राजा आंधळा झालाय, आणि मी जगाची तारणहार काय करते? एका म्हातारीची हरवलेली सात पातेली शोधते. पातेली दिली की ती म्हणते, माझ्या बहिणीचीपण हरवलीत. आमच्या शाळेतल्या शिपायाला एका वेळी दोन कामं सांगितली तर तो तोंड वाकडं करतो. त्याला या हिरोपेक्षा जास्त स्वाभिमान आहे. बावीस तास मी पातेली, झाडपाला, दगड गोळा केले. मग कळलं की खरी गोष्ट अजून सुरूच व्हायची आहे. म्हटलं, राज्य बुडू दे.

चौथा रोहितनं मुद्दाम पाठवला. "आई, हा खेळ. दुःखावर आहे. तुला बरं वाटेल." पोराचा हेतू चांगला, पण अक्कल नाही. एक मुलगी समुद्राच्या काठानं चालत राहते. चालते, चालते, आणि पियानो वाजतो. पियानो वाजला की आपण समजायचं, आता दुःख आहे. मधे मधे तिच्या मेलेल्या भावाच्या वस्तू सापडतात, त्या उचलायच्या. पाच वस्तू झाल्या की आकाशात एक पांढरा पक्षी उडतो आणि खाली लिहून येतं की आता ती मोकळी झाली. दोन तासांत मोकळी! माझा पाचवा आठवडा चालू आहे, दत्ता. पक्षी-बिक्षी काही उडालेला नाही. उलट काल फळ्यावर वर्तुळ काढताना मधेच विसरले की पुढं काय सिद्ध करायचंय, आणि पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. कुठल्या पियानोवाल्यानं हे गेमात घातलंय का? नाही. त्यांना दुःख गुळगुळीत पाहिजे.

उरले दोन. एक बस चालवायचा, त्यात चाळीस प्रवासी आणि खिडकीवरून एकाचंही भांडण नाही, म्हणजे तो कुठल्या देशातला ते देवालाच ठाऊक. दुसरा रंगीत मणी जुळवायचा. त्याला शिवी देणं म्हणजे त्याला मान देणं झालं.

आता तुझा.

तुला लातूरच्या बसस्टँडमागचं ते व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं का? मी अकरावीला इथं खोली करून राहायचे, तू दिवाळीच्या सुट्टीत चाकूरहून आलेला, बारा वर्षांचा. मुलगी खेळायला आली म्हणून दुकानदारानं पंखा बंद केला होता. मी घामानं निथळत त्या मशीनशी झुंजायचे आणि तू दारात पहाऱ्याला, काका दिसले तर सांगायला. मशीन लबाड होतं, तिसऱ्या पातळीला मुद्दाम मारायचं, आणि मी त्याला तोंडाला येईल ते बोलायचे. एकदा तू पहारा सोडून आत आलास आणि म्हणालास, "अक्का, तू त्येला येवढ्या शिव्या देतीस, पण बाकड्यावरून उठत न्हाईस." तुझ्या पाठीत धपाटा घातला मी. पण माझ्याविषयी इतकं खरं त्यानंतर कुणी बोललेलं नाही, माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही.

चाळिशी ओलांडल्यावर रेल्वेच्या ऑफिसातला एक कारकून मोबाईलवर व्हिडिओ बघून गेम बनवायला शिकतो. हे ऐकूनच मी हसले होते. चार वर्षं तू ते करत होतास आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. नुसते प्रश्न विचारायचास. "अक्का, फेटा आधी मामाला का आत्याच्या मालकाला?" "अक्का, व्याह्याच्या भावाला टॉवेल-टोपीवर भागतंय का?" मला वाटलं, तू लेकीच्या लग्नाच्या तयारीला लागलास. मी ओरडले, "मुडद्या, पोरगी अजून दहावीत हाय!" तू खी खी हसलास आणि म्हणालास, "तू सांग तर खरं." मी सांगत गेले. मानपानात माझा हात कुणी धरत नाही, हे तुला माहीत होतं.

मग एके दिवशी तू शेंगदाण्याच्या चटणीचा डबा नांदेड-लातूर गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलास. मी स्टँडवरून घेऊन आले. चटणीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह, त्यात तुझा गेम. नाव ‘रुसवा’. लग्नघर आहे. शत्रू नाही, बंदूक नाही. खेळणाऱ्यानं घरोघर आवतन द्यायचं. कुणाकडं आधी, कुणाकडं मग, कुणाला फोन चालतो, कुणाकडं जोडीनंच जावं लागतं, लाउडस्पीकरवर नावं कुठल्या क्रमानं पुकारायची. क्रम चुकला की त्या माणसाचे गाल फुगतात. खरोखर फुगतात, पडद्यावर. चार जणांचे गाल फुगले की पंगत अर्ध्यावरून उठते आणि खेळ खलास.

त्या दिवशी माझ्यापुढं तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. मी तुझा गेम दहा मिनिटं खेळले. माणसांची तोंडं बटाट्यासारखी. सगळ्या बायकांना एकाच रंगाची साडी. सनई तू मोबाईलवर रेकॉर्ड केलेली, तिच्यात तुझ्या घरच्या कुकरची शिट्टी. आणि मला तुझी कीव आली, दत्ता. इथंच सगळं बिघडलं. मोठमोठ्या कंपन्यांचे गेम मी शेणात घातले, आणि तुझा बघून वाटलं, जाऊ दे, बिचारा, कशाला मन दुखवा. वर्गात मी हेच करते. जिच्याकडून आशा नाही तिच्या वहीवर ‘छान’ लिहून मोकळी होते आणि हुशार पोरीच्या वहीवर लाल पेनानं रक्तपात करते. पोरींना ते कळतं. हुशार पोरगी लाल वही छातीशी धरून जाते.

रविवारी दहाला तुझा फोन.

"अक्का, खेळलीस का?"

"हाव. छान जमलंय."

पेनाची खरखर नाही.

"छान?"

"छान हाय की. मेहनत दिसते."

"बरं," तू म्हणालास. "सुनीता हाक मारून राहिली. ठेवतो."

तुझी सुनीता त्या वेळी माहेरी होती, हे मला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला कळलं की तू माझं खोटं पकडलंस आणि रुसलास. असे दहा रविवार गेले. मी रोज म्हणायचे, आज करते फोन. मग म्हणायचे, मी कामून करू? मी मोठी. धाकट्यानं करायचा असतो. मोठ्यानं आधी केला तर मान कुठं राहिला? मानपानातली मी मोठी शहाणी ना! चांगली तोंड फुगवून बसले. मग फोन आला तो तुझ्या मेहुण्याचा. तू कसा गेलास ते मी लिहीत नाही, ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगून झालंय.

तेराव्याला सुनीतानं मला आत बोलावलं आणि एक दोनशे पानी वही हातात दिली. म्हणाली, "अक्का, ही तुमची हाय." तू खरंच लिहून घेत होतास, मुडद्या. आठ वर्षांच्या माझ्या शिव्या, गेमागणिक, तारखा घालून. मी बोललेली एक ओळ आणि तिच्यापुढं समासात तुझी. माझी: "डोंगर चढून आला तरी म्हाताऱ्याला दम लागत नाही, म्हातारा हाय का इंजिन?" तुझी: "मुरुडच्या मामाला दम लावला." माझी: "यातल्या बायका नुसत्या दारात उभ्या, यांना कामधंदा नाही का?" तुझी: "सगळ्या बायकांना काम दिलं." असं पानंच्या पानं. आणि शेवटच्या पानावर वर ठळक अक्षरात, ‘रुसवा’ : अक्काच्या शिव्या. खाली एक ते वीस आकडे, पट्टी लावून सरळ ओळीत, आणि प्रत्येक आकड्यापुढं कोरी जागा. सुनीता म्हणाली, "म्हणले व्हते, अक्का हाय, वीस तरी निघतील."

त्या पानाकडं बघून मला माझीच एवढी किळस आली की मी तेराव्याचं जेवण न जेवता उठले. त्यावरून तुझ्या एका काकूचे गाल फुगले ते वेगळंच.

घरी आले पण तुझ्या गेमाला हात लावायचा धीर होईना. म्हणून ते आधीचे सहा खेळले, टाळाटाळ म्हणून. मग लावला एकदाचा. नीट, पहिल्यापासून, दुपारची शाळा सुटली की रोज. आणि आता ऐक. भिकार आहे तुझा गेम. तुझी आत्या भिंतीतून आरपार जाते. बँडवाला वाजवतो पण त्याला तोंडच नाही. वरातीत दर अर्ध्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते, नवरदेव घोड्यावर आहे का गॅसवर तेच कळत नाही. एखादं घर चुकून राहिलं तर मागं फिरता येत नाही. अरे, खऱ्या गावात माणूस मागं फिरून जातो की नाही? आणि तो मुरुडचा मामा! मी त्याला फेटा धरला, नाव पहिलं पुकारलं, तरी गाल फुगलेलेच. तीन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, मी त्याच्या दारात चप्पल न काढता उभ्या उभ्या आवतन दिलं होतं. हे गेमात कुठं सांगितलंय? कुठंच नाही! आपल्या आपणच कळायला पाहिजे म्हणे. मग पुण्याच्या माणसानं हा गेम कसा खेळायचा? का चाकूर तालुक्यापुरताच बनवलास?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो जिंकता येत नाही. सगळं बिनचूक करा, एक ना एक माणूस रुसतोच. हे आपलं जुनं भांडण, दुसऱ्या गेमांवरून चालायचं ते. मी म्हणायचे, जिंकता येत नाही तो गेम नव्हे, फसवणूक आहे. तू म्हणायचास, "अक्का, लगीन कुणी जिंकतंय का? निभवून न्यायचं असतंय." माझं म्हणणं अजूनही तेच आहे. तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नको.

शेवटच्या पायरीला मी अडकले. बहिणीला लग्नाला आणायची पायरी. सासरी असलेली बहीण काही पत्रिकेवर येत नाही, तिला न्यायला माहेराहून मुराळी यावा लागतो. पंचवीस वर्षं माझा मुराळी तूच. चाकूरला असो की नांदेडला, तू न्यायला आल्याशिवाय मी पिशवी भरली नाही. रेल्वेत नोकरी आणि यायचास लाल डब्यातून, धुळीनं माखून. तर गेमात तो मुराळी बसनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येतो. दार उघडतं आणि समोर मी. चष्मा, हातात लाल पेन, आणि बाकीच्यांपेक्षा जरा मोठा बटाटा. शोभतं का तुला हे?

मी पत्रिका पुढं केली. गेमातली अक्का म्हणाली, "छान आहे." आणि तिचे गाल फुगले. साडी दिली. "छान आहे." गाल आणखी फुगले. मी एकूण एक बटण दाबलं. मुराळी काही ना काही बोलायचा, अक्का छान म्हणायची, गाल फुगायचे आणि या पायरीला तिच्या एकटीच्या रुसण्यावर खेळ खलास. सहा वेळा हरले. शेवटी चिडून सुनीताला फोन लावला.

"सुनीता, यात मोठी चूक राहिली गं. अक्का छान म्हणते अन् गाल फुगतात. उलटं झालंय."

तिकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उलटं न्हाई, अक्का. ते म्हणायचे, अक्का शिव्या देत असली की समजायचं सगळं ठीक हाय. छान म्हणली की रुसली."

मी स्वयंपाकघरातला नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"तुमी फोनवर छान म्हणलात ना, त्या दिवशी जेवलेच न्हाईत धड. मला म्हणले, अक्का कशावरून तरी लई रुसली. उगी फोनवर भागायचं न्हाई, मुराळी व्हऊन जावं लागतंय. हाफिसातलं वर्षअखेरीचं काम उरकलं की जातो म्हणले. पिशवी काढून ठेवली व्हती, अक्का."

म्हणजे मी समजत होते तू रुसलास, तू समजत होतास मी रुसले. दोघं फुगलेले गाल घेऊन बसलो, मधे फक्त चार तासांची बस. तू निदान यायला निघाला होतास. मी मोठी ना, मी माझा मान धरून बसले. मानपान शिकवणारीला आपल्याच भावाच्या दारात आपण होऊन जाता आलं नाही. थू आहे माझ्या मोठेपणावर.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि एकटी नांदेडच्या बसमध्ये बसले. बैल गेला अन् झोपा केला, ते मला कळतंय. पण पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मुराळ्याशिवाय आले. तू गेलास त्या दिवशी यांनी गाडीत घालून आणलं होतं, ते येणं नव्हे. आणि तेराव्याला जाऊ बरोबर होती. स्टँडवरून ऑटो केला. सुनीतानं दार उघडलं, माझ्या मागं कुणी आहे का बघितलं आणि बाजूला झाली.

तुझ्या खोलीत, तुझ्या खुर्चीवर, तुझ्या कॉम्प्युटरवर ती पायरी पुन्हा लावली. मुराळी आला, अक्कासमोर बसला. या वेळी मी हात मांडीवर ठेवले. एकही बटण दाबलं नाही. अक्का पेपर तपासत राहिली. मुराळी नुसता बसला. कितीतरी वेळ काही होत नाही, दत्ता! नऊ मिनिटं! घड्याळ लावून मोजलीत मी. कुठल्या मूर्खानं असा गेम बनवलाय, ज्यात नऊ मिनिटं नुसतं दुसऱ्याच्या घरी बसायचं? सुनीताचा खरा चहा आला, गार झाला, तरी गेमातली अक्का उठायचं नाव घेईना. मग उठली. आत गेली. चहाचा कप आणून त्याच्यापुढं आदळला आणि पत्रिका हातात घेतली.

"ही पत्रिका कुण्या आंधळ्यानं छापली? नवरीचं नाव टिपक्याएवढं! अन् ही साडी, हिचं फडकंसुद्धा व्हायचं न्हाई. बस खाली मुडद्या, चहा पी."

गाल उतरले. पार उतरले. मग ती म्हणाली, "थांब, पिशवी भरते," आणि ते दोघं बसमध्ये बसले, तिला खिडकी मिळाली, खेळ संपला. पियानो वाजला नाही. कुकरची शिट्टी झाली.

मी रडले, दत्ता. तुझ्या त्या बटाट्याच्या तोंडाच्या अक्कासाठी मी टेबलावर डोकं टेकून रडले. आठ वर्षं माझ्या तोंडातला एकही शब्द खाली पडू दिला नाहीस तू. माझं एवढं कुणी ऐकलेलं नाही, आणि आता कुणी ऐकायचं नाही. रडून झालं तसा तोच राग वर आला, कारण ती बस पुलावरून जाताना चाकं हवेत होती.

"भिकार गेम हाय, सुनीता," मी मोठ्यानं म्हणाले. "जन्मात एवढा भिकार गेम खेळले न्हाई."

सुनीता पदराला हात पुसत आली. तिनं कपाटातून पेन काढलं, माझ्या पिशवीतली वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि तुझ्या पलंगाच्या काठावर बसली.

"थांबा अक्का," ती म्हणाली. "लिहून घेते."

मी थांबले. मग सुरू केलं. भिंतीतली आत्या, बिनतोंडाचा बँडवाला, मुरुडच्या मामाची चप्पल, माझा बटाटा, नऊ मिनिटं. सुनीता हळू लिहिते, तुझ्यापेक्षा हळू, आणि शिट्टीचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "तो कुकर माझा हाय, त्येला काई बोलू नका." पण लिहिलं. दुपार उतरली तरी मी बोलतच होते.

"अक्का," ती म्हणाली, "वीस झाल्या. जागा संपली."

"पान उलट," मी म्हणाले.